हलक्या टुरिंग स्की निवडताना: स्त्रियांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा जवळ आला की युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मैत्रिणींकडून, आणि अलीकडे पुण्या-मुंबईहून गुलमर्गला जाणाऱ्या ट्रेकर मुलींकडूनही, मला साधारण तेच ते प्रश्न येतात. ते येथे एकत्र केले आहेत. माझा वावर मुख्यतः ऑस्ट्रियातील तिरोल प्रांतात असल्यामुळे उदाहरणे आल्प्समधील आहेत. हिमालयात उत्तर बदलते तेथे तसे सांगितले आहे. वजनाचे सर्व आकडे, वेगळे सांगितले नसेल तर, एका स्कीचे आणि बाइंडिंगशिवायचे, म्हणजे बूट स्कीला जोडणारा भाग न धरता, आहेत.

१. टुरिंग स्की म्हणजे नेमके काय? गोंडोलाने वर जाऊन वापरायच्या स्कीपेक्षा ती वेगळी कशी?

टुरिंगमध्ये डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा असतो आणि उतरायचाही त्याच स्कीवरून असतो. चढताना स्कीच्या तळाला स्किन नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस मागच्या दिशेला झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. एकेकाळी या पट्ट्या खरोखरच सीलच्या कातड्याच्या असत, त्यावरून हे नाव पडले. चढताना बाइंडिंग बुटाची टाच मोकळी ठेवते. माथ्यावर पोहोचल्यावर स्किन काढून टाच अडकवायची आणि नेहमीच्या स्कीप्रमाणे उतरायचे. गोंडोलासारख्या लिफ्टच्या उतारांवरची स्की केवळ उतरण्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे तिच्यात धातूचे पत्रे आणि जड लाकूड वापरले तरी कोणाची तक्रार नसते. टुरिंग स्कीमध्ये हेच सारे काटकसरीने करावे लागते. क्रॉसकंट्री स्की हा तिसराच प्रकार आहे. ती फार अरुंद असते आणि तीव्र उतारासाठी नसते, तेव्हा नावातील साम्यामुळे ती चुकून मागवू नये.

२. "हलकी" म्हणजे किती ग्रॅमची?

स्पर्धेच्या स्की ७०० ते ८०० ग्रॅमच्या आसपास असतात. ८० ते ९० मिलिमीटर रुंदीच्या टुरिंग स्की साधारण १,००० ते १,३५० ग्रॅम भरतात, तर ९५ ते १०५ मिलिमीटरच्या १,३०० ते १,६०० ग्रॅम. त्यापुढे, १,७०० ग्रॅमच्या वर, जी स्की येते ती लिफ्टजवळच्या मोकळ्या बर्फासाठी उत्तम असली तरी दिवसभराच्या चढाईला तिला हलकी म्हणता येणार नाही.

कंपन्यांच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी तपासाव्यात. काही कंपन्या एका स्कीचे वजन देतात, तर काही जोडीचे. शिवाय दिलेले वजन कोणत्या तरी एकाच लांबीचे असते, आणि ती लांबी तुमची असेलच असे नाही. लाकडाचा गाभा असल्यामुळे दोन जोड्यांमध्ये, कधी एकाच जोडीतील दोन स्कींमध्येही, काही ग्रॅमचा फरक पडतो. विमानप्रवासात बॅग तोलायचा छोटा काटा मी दुकानात सोबत नेते. दुकानदाराला ते विचित्र वाटते, पण तो नाही म्हणत नाही.

३. दोनतीनशे ग्रॅमने असा काय फरक पडतो? पाठीवरच्या सॅकमध्ये तेवढे पाणी तर मी सहज वाहते.

पाठीवरचे वजन एकदा उचलले की ते शरीराबरोबर चालत राहते. पायातले वजन मात्र प्रत्येक पावलाला थांबते आणि प्रत्येक पावलाला पुन्हा हलवावे लागते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या वाटेवर बुटाला चिखलाचे थर चिकटले की तासाभरात मांड्या कशा भरून येतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

ढोबळ हिशेब असा मांडता येतो. एक हजार मीटर उंची चढण्यासाठी मध्यम चढाच्या वाटेने सुमारे चार किलोमीटर चालावे लागते. पाऊल साठ सेंटिमीटरचे धरले तर प्रत्येक पाय तीन हजार तीनशेच्या आसपास पावले टाकतो. स्की ३०० ग्रॅमने जड असेल, तर दिवसाअखेरीस प्रत्येक पायाने जवळजवळ एक टन जास्तीचे वजन पुढे ढकललेले असते. स्की पूर्ण उचलायची नसून सरकवायची असते, त्यामुळे प्रत्यक्ष श्रम या आकड्याइतके भयंकर नसतात. पण वळणांवरच्या किक टर्नमध्ये, म्हणजे एकेक स्की उचलून उलट दिशेला ठेवताना, ती पूर्ण उचलावीच लागते, आणि थकलेल्या पायांचे तोल जाणे तेथेच सुरू होते. स्त्रीचे वजन बहुधा कमी असल्याने तेच ३०० ग्रॅम तिच्या शरीराच्या प्रमाणात अधिक ठरतात.

४. मग बाजारातली सर्वांत हलकी स्कीच का घेऊ नये?

कारण चढताना वाचवलेल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब उतरताना द्यावा लागतो. जड स्की बर्फातल्या ढेकळांवरून आपल्या वजनाच्या जोरावर पुढे निघून जाते आणि थरथर स्वतःत जिरवते. हलकी स्की प्रत्येक ढेकळाला दिशा बदलते, आणि ती थरथर थेट नडगीपर्यंत पोहोचते. ताज्या, भुसभुशीत बर्फात हा फरक जाणवतही नाही, आणि दुकानाने आयोजित केलेल्या चाचणीच्या दिवशी नेमका तसाच बर्फ असतो. खरी परीक्षा दुपारी मऊ होऊन पुन्हा गोठलेल्या पापुद्र्यावर होते, कारण तेथे स्की एका क्षणी वर तरंगते आणि दुसऱ्या क्षणी पापुद्रा फोडून आत अडकते.

माझी पहिली जोडी ९५० ग्रॅमची होती. मार्चमधील एका दिवशी बाराशे मीटर मी आनंदाने चढले, सोबतच्यांच्या पुढे राहिले, आणि त्याच डोंगराचा वरचा अर्धा भाग अशा पापुद्र्यावर आडवी घसरत, अधूनमधून बसकण मारत उतरले. दोष स्कीचा नव्हता. ती ज्या कौशल्याच्या व्यक्तीसाठी बनवली होती ती व्यक्ती मी नव्हते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जिला लिफ्टच्या लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतारांवर समांतर वळणे नीट घेता येतात, पण प्रत्येक प्रकारच्या बर्फावर अजून हुकूमत नाही, अशा सर्वसाधारण बांध्याच्या स्त्रीने पहिल्या जोडीसाठी ८४ ते ९२ मिलिमीटर रुंदीची आणि १,१५० ते १,३५० ग्रॅम वजनाची स्की शोधावी. उरलेली काटकसर स्किन्स, बाइंडिंग आणि सॅकमधल्या अनावश्यक सामानात करावी. त्याविषयी प्रश्न ११ आणि १३ पाहा.

५. "महिलांची स्की" खरोखर वेगळी असते, की फक्त रंग बदललेला असतो?

दोन्ही प्रकार आढळतात, आणि कोणता प्रकार समोर आहे हे पाटीवरून कळत नाही. काही कंपन्या गाभ्याचे लाकूड हलके करतात, स्की थोडी लवचीक ठेवतात, बूट बसवण्याची खूण एखादा सेंटिमीटर पुढे घेतात आणि खरोखर लहान लांब्या उपलब्ध करून देतात. इतर कंपन्या तीच स्की, तोच साचा, तेच वजन ठेवून फक्त वरचा रंगीत थर बदलतात. के२ कंपनीची 'वेबॅक' आणि स्त्रियांसाठीची 'टॉकबॅक' ही भावंडे आहेत. अ‍ॅटॉमिकची 'बॅकलँड' आणि ब्लिझर्डची 'झीरो जी' यांच्याही स्त्रियांसाठीच्या आवृत्त्या निघतात. या जोड्यांचे तक्ते शेजारी ठेवून पाहिले की काय बदलले आणि काय नाही हे दहा मिनिटांत समजते.

रंगच बदलला असेल तर त्यात फसवणूक आहे असे मी मानत नाही. स्की चांगली असेल तर ती चांगलीच राहते, आणि ती १५० किंवा १५६ सेंटिमीटरमध्ये मिळू लागली हा स्त्रियांच्या आवृत्तीचा खरा फायदा आहे. आक्षेप घ्यायचा तो "स्त्रीला मऊ स्की हवी" या गृहीतकावर. स्कीला ती चालवणाऱ्याचे लिंग कळत नाही. तिला वजन, वेग आणि बुटाचा रेटा कळतो. ७० किलोची, वेगाने उतरणारी स्त्री मऊ स्की सहज वाकवून तिचा ताबा गमावू शकते, आणि ५५ किलोच्या पुरुषाला स्त्रियांची स्की अगदी योग्य बसू शकते. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात: तुमच्या लांबीतले वजन, बूट बसवण्याच्या खुणेची जागा, आणि सर्वांत लहान उपलब्ध लांबी. पुरुषांच्या किंवा सर्वांसाठीच्या मालिकेत तुमची लांबी मिळत असेल आणि सवलतीत असेल, तर ती घेण्यात काहीही गैर नाही.

६. माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे. किती लांबीची स्की घ्यावी?

टुरिंगसाठी उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर कमी ते उंचीइतकी लांबी हा सर्वसाधारण पट्टा मानतात. तुमच्यासाठी तो अंदाजे १४८ ते १५८ सेंटिमीटरचा होईल. वजन कमी असेल, नवशिकेपण असेल किंवा अरुंद घळींमधून बऱ्याच किक टर्न घ्याव्या लागणार असतील, तर पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे झुकावे. वजन अधिक असेल, खोल बर्फात जायचे असेल किंवा वेग आवडत असेल, तर वरच्या टोकाकडे. पुढचे टोक वर उचललेल्या स्कीचा कडक बर्फावर प्रत्यक्ष टेकणारा भाग कमी असतो, म्हणून तशी स्की थोडी लांब घेतली तरी चालते.

उंचीपेक्षा वजन महत्त्वाचे आहे, आणि वजनात सॅकही धरायची असते. हटमध्ये, म्हणजे डोंगरातल्या निवाऱ्यात, मुक्काम करत चालणाऱ्या बहुदिवसीय मोहिमेत, उदाहरणार्थ फ्रान्समधील शामोनी ते स्वित्झर्लंडमधील झेरमाट या प्रसिद्ध वाटेवर, आठ-दहा किलो सहज वाढतात.

७. रुंदी किती असावी? दुकानदार १०० मिलिमीटरच्या खाली काही दाखवायलाच तयार नाही.

येथे रुंदी म्हणजे कमरेची, अर्थात बुटाखालच्या सर्वांत अरुंद भागाची. ती कोणत्या डोंगरावर आणि कोणत्या महिन्यात जायचे यावर ठरते. दुकानदाराच्या साठ्यावर नव्हे.

आल्प्समध्ये मार्च ते मे या काळात सकाळी कडक आणि दहा-अकरानंतर वरून मऊ होणारा बर्फ मिळतो, त्याला तेथे फिर्न म्हणतात. त्यासाठी ८० ते ९० मिलिमीटर पुरेसे होतात, आणि सकाळच्या कडक तिरप्या चढावर अरुंद स्कीची धार अधिक भरवशाने रुतते. रुंद स्कीवर बुटाची कड धारेपासून दूर पडते, त्यामुळे आडवे चालताना घोटा सतत पिळला जातो. हलक्या शरीराच्या आणि मऊ बुटाच्या स्त्रीला हा त्रास अधिक जाणवतो; बहुतेक मार्गदर्शिका त्याचा उल्लेखच करत नाहीत.

जपानमधील होक्काइदोच्या जानेवारीतल्या बर्फात चित्र उलटे असते. तेथे १०५ मिलिमीटरही जास्त वाटत नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या कॅस्केड पर्वतरांगेत बर्फ ओला आणि जड पडतो, म्हणून ९० ते १०० ही मधली रुंदी सोयीची ठरते. कोलोरॅडोत बर्फ कोरडा असला तरी ९० ते १०० मध्येच बहुतेकांचे भागते. गुलमर्गला गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवात पर्वतावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेऊन सोडतो, चढ थोडा उरतो आणि फेब्रुवारीत बर्फ खोल असतो. तेथे ९५ ते १०५ मिलिमीटर घेतल्यास पश्चात्ताप होणार नाही. तीच जोडी घेऊन तिरोलमध्ये एप्रिलात रोज बाराशे मीटर चढायचे असेल, तर मात्र होईल.

८. रॉकर, कँबर, त्रिज्या हे शब्द समजून घेणे गरजेचे आहे का?

थोडेसे. सपाट जमिनीवर ठेवल्यावर स्कीचा मधला भाग कमानीसारखा उचललेला दिसतो, तो कँबर. टोके आधीपासूनच वर वळू लागतात, तो रॉकर. टुरिंगसाठी पुढे रॉकर, बुटाखाली कँबर आणि मागे जवळजवळ सपाट अशी रचना सर्वांत उपयोगी पडते, कारण कँबरमुळे कडक बर्फावर धार टेकते आणि स्किनलाही पकड मिळते. त्रिज्या, म्हणजे स्की आपल्या आकारामुळे घेते त्या वळणाची त्रिज्या, १५ ते १९ मीटरच्या दरम्यान असली की बहुतेक प्रसंग निभावतात.

९. कार्बनची स्की घेतली तर वजनाचा प्रश्नच संपतो ना?

संपूर्ण स्की कार्बनची नसते. गाभा बहुधा पाउलोनिया, बाल्सा किंवा पॉप्लर अशा हलक्या लाकडाचा असतो आणि त्यावर कार्बनचे धागे लावून ताठरपणा आणतात. कार्बन ताठ आणि हलका असतो; थरथर जिरवण्यात तो कमी पडतो. म्हणून काही कंपन्या काचतंतू किंवा जवसाचे धागे मिसळतात, किंवा बुटाखाली धातूचा छोटा पत्रा घालतात. दोन स्कींचे वजन सारखे असेल तर मी केवळ कार्बनच्या मोठ्या अक्षरांवर न जाता बाजूची भिंत पाहते. बुटाखाली धारेच्या वर प्लास्टिकची उभी भिंत असलेली स्की दगडांचा मार आणि कडक बर्फ दोन्ही अधिक चांगले सोसते.

१०. आधी बूट घ्यावेत की आधी स्की?

आधी बूट. पाय लागला, टाच सोलली किंवा बोटे बधिर झाली तर जगातली उत्तम स्कीही खोलीत पडून राहते. शिवाय स्कीला वळवतो तो बूट. १,००० ग्रॅमचा मऊ बूट १०० मिलिमीटरच्या स्कीला वळवू शकत नाही, आणि १,६०० ग्रॅमचा ताठ बूट नाजूक स्कीवर चढवला तर चढाईतील बचत वाया जाते. एका बुटाचे वजन एका स्कीच्या वजनाच्या आसपास असावे, हा माझा अनुभवातून आलेला आडाखा आहे. तो नियम नव्हे.

स्त्रियांच्या बुटांत पोटरीकडची उंची आणि घेर वेगळा असतो, आणि हा फरक स्कीच्या बाबतीतल्या फरकापेक्षा कितीतरी खरा आहे. पोटरी खाली सुरू होत असेल तर पुरुषांच्या बुटाची वरची कड तेथे काचते.

११. बाइंडिंग कोणते घ्यावे? तेही हलकेच हवे का?

हलक्या टुरिंगसाठी पिन बाइंडिंग हेच उत्तर आहे. तिरोलचे अभियंते फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात त्याची कल्पना काढली आणि पुढे डायनाफिट कंपनीने ते बाजारात रुजवले. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंस धातूच्या खोबण्या असतात, त्यांत दोन पिना बसतात आणि बूट त्यांवर बिजागरीसारखा फिरतो. त्यामुळे प्रत्येक पावलाला बाइंडिंगचा सांगाडा उचलावा लागत नाही. तुमच्या बुटाला या खोबण्या आहेत याची खात्री मात्र आधी करावी.

ब्रेक असलेले साधे पिन बाइंडिंग ३५० ते ६०० ग्रॅमचे असते. ब्रेक नसलेले त्याहून हलके. उतरताना लिफ्टच्या बाइंडिंगसारखे वागणारे मिश्र प्रकार ८००-९०० ग्रॅमपर्यंत जातात, आणि ते १,१०० ग्रॅमच्या स्कीवर बसवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

स्त्रियांनी विशेष पाहायची गोष्ट म्हणजे सुटण्याच्या मूल्याचा खालचा आकडा. पडल्यावर बूट किती जोराने सुटावा हे त्या मूल्यावर ठरते, आणि हलक्या, नवशिक्या स्त्रीला ते कमी लागते. ज्याचा पट्टा ५ किंवा ६ पासूनच सुरू होतो असे बाइंडिंग तिच्यासाठी योग्य ठरणार नाही. टुरिंग बाइंडिंगसाठी आयएसओ १३९९२ हे मानक आहे, पण सगळ्याच पिन बाइंडिंगना त्याचे प्रमाणपत्र नसते, आणि स्पर्धेच्या काही प्रकारांत तर मूल्य बदलताच येत नाही.

१२. मैत्रिणीच्या नवऱ्याकडे हेच बाइंडिंग आहे आणि तो खूश आहे. मला मात्र सतत पुढे ढकलल्यासारखे वाटते. असे का?

तुमचा बूट लहान आहे म्हणून. बहुतेक पिन बाइंडिंगमध्ये टाचेच्या पिना पुढच्या पिनांपेक्षा थोड्या उंच असतात. हा फरक १२ मिलिमीटर धरला, तर ३१५ मिलिमीटर तळ असलेल्या बुटात उतार सुमारे २.२ अंश होतो, आणि २६५ मिलिमीटरच्या बुटात तो २.६ अंशांवर जातो. बाइंडिंग तेच, उंची तीच, पण लहान पाय अधिक तिरपा उभा राहतो. मांड्या लवकर भरून येणे आणि स्कीची शेपटी सैल वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. खरेदीपूर्वी पुढच्या आणि मागच्या पिनांच्या उंचीतला फरक विचारावा. घेऊन झाले असेल तर पुढच्या भागाखाली पातळ पट्टी बसवून घेता येते. हे काम कार्यशाळेत करवून घ्यावे, कारण त्यासाठी लांब स्क्रू लागतात.

१३. स्किन मोहेरची घ्यावी की नायलॉनची?

मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची स्किन, हलकी असते आणि छान घसरते; नायलॉनची पकड आणि टिकाऊपणा अधिक. दोन्हींचे मिश्रण असलेली स्किन बहुतेकींना पुरते. मात्र शरीराचे वजन कमी असेल तर स्किन बर्फावर कमी दाबली जाते आणि तीव्र चढावर पाय मागे सरकू शकतो, म्हणून पन्नास किलोच्या आतल्या नवशिकीला मी नायलॉनचे प्रमाण जास्त असलेली स्किन सुचवते. कापताना दोन्ही बाजूंना धातूची धार उघडी राहील इतकीच कड सोडावी. कडाक्याच्या थंडीत विश्रांतीच्या वेळी स्किन जॅकेटच्या आत ठेवावी, नाहीतर गोंद धरत नाही.

सकाळच्या गोठलेल्या चढासाठी स्कीखाली बसणारे क्रॅम्पॉन, म्हणजे धातूचे दाते, वेगळे घ्यावे लागतात, आणि ते स्कीच्या कमरेपेक्षा काही मिलिमीटर रुंद असावेत.

१४. माझे वजन ४५ किलो आहे. सगळे आकडे माझ्यासाठी बदलतात का?

बरेचसे. लांबी पट्ट्याच्या खालच्या टोकाची, रुंदी एक पायरी कमी आणि स्की लवचीक असावी, कारण ताठ स्की वाकवण्याइतके वजन तुमच्याकडे नाही. ८० ते ८६ मिलिमीटरची स्कीही तुम्हाला खोल बर्फात बऱ्यापैकी तरंगवते. बाइंडिंगचा खालचा आकडा (प्रश्न ११) तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

१५. उलट, माझे वजन ७८ किलो आहे आणि "महिलांची" प्रत्येक स्की मला मऊ वाटते.

तर ती सोडून द्यावी. सर्वांसाठीच्या मालिकेतली, १,३५० ते १,५०० ग्रॅमची स्की पाहावी. अ‍ॅटॉमिक आणि सालोमन यांच्या एका हलक्या बाइंडिंगमध्ये सुटण्याची ताकद स्प्रिंग बदलून ठरवतात, आणि त्या स्प्रिंगांना चक्क स्त्री, पुरुष व निष्णात अशी नावे आहेत. तेथे नाव न पाहता वजन आणि कौशल्यानुसार स्प्रिंग निवडावी. "पुरुष" स्प्रिंग लावल्याने कोणी अडवत नाही.

१६. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आहे. पिन बाइंडिंग चालेल का?

पुन्हा स्की करावी की नाही याचा निर्णय शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट यांचा आहे. परवानगी मिळाली असेल तर एवढे लक्षात घ्यावे की जुन्या धाटणीच्या पिन बाइंडिंगमध्ये बूट बाजूला सुटतो तो टाचेकडून, तर लिफ्टच्या बाइंडिंगमध्ये पुढच्या टोकाकडून. पुढच्या टोकाला बाजूने सुटणारी काही पिन बाइंडिंग मिळतात. ती थोडी जड असतात. कोणतेही बाइंडिंग गुडघ्याची हमी देत नाही. चढताना पुढचा खटका कुलूपबंद केलेला असतो, तो उतरण्यापूर्वी उघडण्यास विसरू नये. बंद राहिल्यास बूट सुटणे जवळजवळ अशक्य होते.

१७. एकाच जोडीवर लिफ्टचे उतारही आणि टुरिंगही होईल का?

वर्षातले दिवस मोजा. टुरिंगचे दिवस अधिक असतील तर १,३५० ते १,५०० ग्रॅमची, ९० मिलिमीटरच्या आसपासची स्की दोन्ही निभावते, पण लिफ्टच्या कडक उतारांवर रोज घासल्याने तिच्या धारा आणि तळ लवकर झिजतात. लिफ्टचेच दिवस अधिक असतील तर जड स्की घेऊन टुरिंगसाठी जोडी भाड्याने घेणे शहाणपणाचे.

१८. सह्याद्रीत दहा वर्षे ट्रेक केले आहेत, स्की कधीच केलेली नाही. थेट टुरिंगची जोडी घेऊ का?

घेऊ नये. चढण्याची ताकद तुमच्याकडे आहे, आणि धोकाही तोच आहे: उतरण्याचे कौशल्य नसताना तुम्ही फार वर पोहोचाल. आधी लिफ्टच्या उतारांवर शिकावे. गुलमर्गला केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आणि मनालीला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था स्कीचे अभ्यासक्रम चालवतात. दोन हंगाम तरी भाड्याच्या साहित्यावर घालवावेत. तोवर तुमची पसंतीही बदललेली असेल.

१९. गुलमर्गला साहित्य न्यावे की तेथे भाड्याने घ्यावे?

लिफ्टच्या स्कीसाठी भाडे ठीक आहे. हलकी टुरिंग जोडी, पिनांना जुळणारा बूट आणि तोही २३ किंवा २३.५ (सेंटिमीटर) मापाचा, हे सगळे एकत्र मिळेल अशा भरवशावर तिकीट काढू नये. निदान बूट आणि स्किन्स स्वतःच्या न्याव्यात. विमानात बूट हातातल्या सामानात ठेवावेत. स्की उशिरा पोहोचल्या तर दुसऱ्या मिळतात, बूट मिळत नाहीत.

२०. हलक्या स्कीमुळे हिमस्खलनातून सुटणे सोपे जाते का?

नाही, आणि हा गैरसमज धोकादायक आहे. ३० अंशांहून तीव्र उतारावर घसरलेला थर स्कीच्या वजनाचा विचार करत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवातवरच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. प्रत्येकीकडे ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली अडकलेल्यांना शोधण्याचे रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडे असलेच पाहिजे, आणि ते वापरण्याचा सराव झालेला असला पाहिजे. वजन कमी करताना या तिन्हींना हात लावू नये. काश्मीर आणि हिमाचलसाठी डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था इशारे देते. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्यासाठी पाच पायऱ्यांची श्रेणी वापरतात, आणि तिसऱ्या पायरीचा शांत वाटणारा शब्द "लक्षणीय" हा प्रत्यक्षात बेत बदलण्याचा इशारा असतो.

२१. मला स्पर्धेत उतरायचे आहे. तेव्हा तरी सर्वांत हलकी चालेल ना?

तेव्हा चालेल. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्त्रियांची स्की किमान १५० आणि पुरुषांची १६० सेंटिमीटर लांब असावी लागते. २०२६ च्या मिलानो-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनियरिंगचा प्रथमच समावेश झाल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. ही जोडी सरावासाठीची दुसरी जोडी म्हणून ठेवावी. कारण प्रश्न ४ मध्ये आले आहे.

२२. वापरलेली जोडी स्वस्तात मिळते आहे, पण तिच्यावर आधीच्या बाइंडिंगची छिद्रे आहेत. घ्यावी का?

एकदाच बसवलेले असेल तर बहुधा हरकत नाही. तीनदा बसवलेली स्की मी घेत नाही. तुमच्या बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये टाचेजवळ कोरलेली असते. ती घेऊन दुकानात जावे आणि नवी छिद्रे जुन्यांपासून सुमारे एक सेंटिमीटर दूर पडतील का हे कागदी साच्यावर पाहून घ्यावे. जवळ पडत असतील तर गाभ्याची पकड कमी होते, आणि हलक्या लाकडात ही अडचण जास्त भासते. बाइंडिंग पुढेमागे सरकणाऱ्या पट्टीवर असेल तर नव्या छिद्रांची गरज कदाचित पडणारही नाही. जुनी छिद्रे गोंद घालून बुजवलेली असावीत, कारण उघड्या छिद्रातून पाणी गाभ्यात शिरते. त्यानंतर दोन्ही स्की तळाला तळ लावून धराव्यात, कडेला थर सुटला आहे का ते नखाने तपासावे आणि धारेवरून बोट न फिरवता नजर फिरवावी. बुटाखालच्या भागात धार तुटलेली असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ती जोडी परत ठेवावी.